साठ पौंडांचा पाळक

कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, बोस्टनच्या पश्चिमेला शंभरेक मैलांवर डिअरफील्ड नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स वसाहतीतले ते वायव्येकडचे शेवटचे इंग्रज गाव होते. त्याच्या पलीकडे जंगल होते आणि जंगल ओलांडून तीनशे मैल गेले की फ्रेंचांचे माँट्रिऑल लागे. गावाची जमीन मात्र अशी कसदार, की धोका पत्करूनही माणसे तिथे येत राहिली. इंग्रज येण्यापूर्वी या खोऱ्यात पोकमटक लोक मका पिकवत. 1638 मध्ये कनेक्टिकटचे वसाहतकार उपासमारीला आले, तेव्हा याच खोऱ्यातून होड्या भरभरून मका त्यांच्याकडे गेला होता. पुढे साथीच्या रोगांनी पोकमटक खंगले आणि 1664 मध्ये मोहॉक जमातीशी झालेल्या लढाईत त्यांचे गाव उद्ध्वस्त झाले.

मोकळ्या दिसणाऱ्या त्या जमिनीवर इंग्रजांचा हक्क कसा आला, ही गोष्ट विचित्र आहे. बोस्टनजवळच्या डेडम गावाच्या हद्दीतली जमीन नेटिक येथे ख्रिस्ती झालेल्या मूलनिवासींना वसवण्यासाठी घेतली गेली. त्या बदल्यात सरकारने डेडमला दुसरीकडे 8000 एकर देऊ केले आणि डेडमच्या लोकांनी पोकमटकांचे खोरे निवडले. एका जमातीला धर्म आणि जमीन देण्याची किंमत दुसऱ्या जमातीच्या जमिनीतून फेडली गेली.

1670च्या दशकात काही कुटुंबे तिथे राहायला गेली. सप्टेंबर 1675 मध्ये, मूलनिवासी नायक मेटाकॉमने म्हणजे इंग्रजांच्या ‘किंग फिलिप’ने सुरू केलेल्या युद्धात, डिअरफील्डचे धान्य घेऊन निघालेल्या गाड्यांवर ओढ्याकाठी छापा पडला. साठाहून अधिक माणसे मारली गेली. त्या ओढ्याला आजही ‘ब्लडी ब्रुक’ म्हणतात. गाव ओस पडले, पहिला पाळकही निघून गेला. 1682च्या सुमारास लोक परतले तेव्हा त्यांच्याकडे जमीन होती, बैल होते, पाळक नव्हता.

पाळक नसणे ही केवळ धार्मिक अडचण नव्हती. वसाहतीच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाने पाळक ठेवला पाहिजे आणि त्याला सारा गोळा करून पोसले पाहिजे, असा दंडक होता. मंडळीचा सभासद असो वा नसो, सारा प्रत्येकाला द्यावा लागे. पाळक नसलेली वस्ती अर्धवट समजली जाई. तिथे नवी कुटुंबे येत नसत आणि आलेली टिकत नसत. आडवळणी, लुटले गेलेले आणि दहा वर्षांपूर्वीच प्रेते पाहिलेले गाव हार्वर्डमधून शिकून निघालेल्या माणसाला काय देऊ शकणार होते?

त्यांनी देता येईल ते सगळे देऊ केले. डिसेंबर 1686 मधला तो करार उपलब्ध आहे. रॉक्सबरीचा जॉन विल्यम्स तेव्हा नुकताच बावीस वर्षांचा झाला होता. 1683 मध्ये तो हार्वर्डमधून बाहेर पडला होता. गावाने त्याला सामाईक कुरणातले सोळा वाटे आणि प्रार्थनागृहाच्या टेकडीवरची घरजागा दिली. 42 फूट लांब, 20 फूट रुंद, मागे पडवी काढलेले घर गाव बांधून देणार होते. जागेला कुंपण घालायचे, दोन वर्षांत गोठा उभारायचा आणि त्याची नांगरटीची जमीन मोडून द्यायची, हेही गावाने कबूल केले. वर्षाला साठ पौंड आणि चार-पाच वर्षांनी ऐंशी. ‘पौंड’ हा हिशेबापुरता शब्द. नाणे कोणाच्या घरात फारसे नव्हतेच, त्यामुळे पगार गहू, वाटाणा, मका आणि खारवलेले डुकराचे मांस यांत, ठरलेल्या भावाने मिळायचा. आपल्याकडच्या वाचकाला इथे बलुते आठवेल, पण फरक मोठा आहे. बलुतेदारी वंशपरंपरेने येई. हा माणूस गावसभेने हात वर करून आणला होता आणि त्याच्या घराच्या लांबीरुंदीवर मत दिले होते.

दुसऱ्याच वर्षी विल्यम्सने लग्न केले आणि गावाला आपल्या पाळकाबरोबर एक मोठे सोयरिकीचे जाळेही मिळाले. त्याची बायको युनिस मेदर ही नॉर्थॅम्प्टनच्या पहिल्या पाळकाची मुलगी. तिच्या आईने नंतर सॉलोमन स्टॉडर्डशी लग्न केले होते आणि हा स्टॉडर्ड म्हणजे त्या खोऱ्यातला सर्वांत वजनदार धर्मगुरू. तिचे काका इन्क्रीस मेदर आणि चुलतभाऊ कॉटन मेदर बोस्टनच्या धर्मकारणात आणि राजकारणातही पहिल्या रांगेत. ऑक्टोबर 1688 मध्ये विल्यम्सला रीतसर दीक्षा मिळाली. सरहद्दीवरच्या एका गरीब गावाचा शब्द आता बोस्टनपर्यंत पोचणार होता.

पुढच्या पंधरा वर्षांत या ओळखींचा उपयोग झाला. 1689 मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटले आणि त्याची झळ अमेरिकेतल्या दोन्ही वसाहतींना लागली. 1690 मध्ये गावाने टेकडीवरच्या घरांभोवती खांबांची कूस उभारली. सप्टेंबर 1694 मध्ये फ्रेंच आणि त्यांचे मूलनिवासी मित्र वेशीपर्यंत येऊन परत फिरले; तेव्हा शाळेची बाई पोरांना घेऊन जीव मुठीत धरून कुसाच्या आत धावली होती. शेतात कामाला जाताना बंदूक न्यायची, रात्री पहारा, पेरणीला उशीर आणि सारा मात्र वेळेवर. विल्यम्स रविवारी दोनदा प्रवचन देई, बाप्तिस्मे करी, मेलेल्यांना पुरी. स्वतःची शेतीही तो पाही. त्याच्या घरी दोन आफ्रिकी गुलाम होते, फ्रँक आणि पार्थेना. न्यू इंग्लंडच्या पाळकांच्या घरांत ही गोष्ट अपवादाची नव्हती आणि तिच्यावर प्रवचनात कधी प्रश्न उठत नसे.

1702 मध्ये दुसरे युद्ध सुरू झाले. पुढच्या ऑक्टोबरमध्ये गावाचे दोन तरुण कुरणातून पकडून कॅनडाला नेले गेले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत विल्यम्सने गव्हर्नर जोसेफ डडली याला पत्र लिहिले. पाळकाचे गावातले स्थान काय असते हे समजून घ्यायला त्याच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा हे पत्र अधिक उपयोगी आहे. घरेदारे सोडून लोक कुसाच्या आत दाटीवाटीने राहत आहेत. कूस इतकी कुजली आहे की डागडुजी व्यर्थ, नवीनच करावी लागेल. तिची लांबी किलोमीटरभर आणि ओकचे लाकूड तीन-चार मैलांवरून आणायचे. तेव्हा सारा माफ करावा, मदत पाठवावी. हे सगळे तो हिशेबनिसाच्या नेटकेपणाने मांडतो. मग तो सांगतो की गेली काही वर्षे आपण आपल्या पगारातला भाग गावाला सोडत आलो आहोत, आणि तेही कोणी न मागता. करारात नसलेली ही सूट आहे. त्याच आठवड्यात सासरे स्टॉडर्ड यांनीही डडलीला लिहिले. डिअरफील्डवर दया करा, असे तेही म्हणतात. पण त्यांचा मुख्य मुद्दा असा, की मूलनिवासींची शिकार करायला कुत्रे शिकवावेत. मूलनिवासी लांडग्यांसारखे वागतात, त्यांच्याशी लांडग्यांसारखेच वागावे. त्या खोऱ्यातल्या सर्वांत विद्वान धर्मगुरूच्या लेखणीतून हे उतरले आहे. सरहद्दीवरच्या पाळकांच्या करुणेला कुठे कुंपण होते, ते यावरून कळते.

विल्यम्सने गावात उपास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला. फेब्रुवारी 1704 च्या शेवटी वीस शिपाई मदतीला आले. त्यांतले दोघे पाळकाच्याच घरी उतरले; त्यांतला एक जॉन स्टॉडर्ड, सॉलोमनचा मुलगा आणि युनिसचा सावत्र भाऊ.

डिअरफील्डवर चालून येणाऱ्यांची कारणे एक नव्हती. अडीचशे-तीनशे जणांच्या त्या फौजेत फ्रेंच पन्नासाच्या आतच होते आणि त्यांचा म्होरक्या होता जाँ-बाप्तिस्त एर्तेल द रूव्हिल. क्वेबेकच्या गव्हर्नराला इंग्रज सरहद्द हादरवायची होती आणि अबेनाकींना आपल्या बाजूला बांधून ठेवायचे होते. अबेनाकी आणि पेनाकुक यांच्यापैकी कित्येकांच्या बापजाद्यांना इंग्रजांनीच न्यू इंग्लंडमधून हुसकावले होते. माँट्रिऑलजवळच्या कानावाके या कॅथलिक वस्तीतल्या मोहॉकांचा हिशेब आणखी निराळा: साथीत आणि लढायांत गेलेल्या आपल्या माणसांच्या जागी त्यांना माणसे हवी होती. पकडून आणलेले मूल त्यांच्या रीतीप्रमाणे मेलेल्याच्या नावाने घरात दत्तक जाई. लोरेतचे ह्युरॉनही बरोबर होते. यात आणखी एक धागा होता. सरकारी परवान्याने इंग्रज जहाजे लुटणारा बाप्तिस्त नावाचा फ्रेंच कप्तान तेव्हा बोस्टनच्या तुरुंगात होता. त्याला सोडवायचे तर तशाच वजनाचा कैदी हाती हवा, आणि डिअरफील्डमध्ये तसा एकच माणूस होता. विल्यम्सला जिवंत धरण्यामागे हाच बेत असावा, असे आज बऱ्याच इतिहासकारांना वाटते. गावाने साठ पौंडांना आणलेल्या पाळकाची किंमत क्वेबेकमध्ये एका कप्तानाएवढी ठरली होती.

29 फेब्रुवारी 1704. पहाटेच्या आधीची वेळ. तीन फूट बर्फ साचून वरून कडक झाले होते आणि वाऱ्याने त्याचे ढीग कुसाला लागून थेट टोकापर्यंत चढवले होते. पहारेकरी जागेवर नव्हता किंवा झोपला होता. हल्लेखोर बर्फावरून चालत वर आले आणि आत उतरले.

विल्यम्सने स्वतः लिहिलेली हकिगत हा या पहाटेचा मुख्य आधार. दार फुटल्याच्या आवाजाने तो जागा झाला, पलंगाजवळचे पिस्तूल घेतले आणि समोर आलेल्या पहिल्या माणसाच्या छातीवर रोखले. पिस्तूल उडालेच नाही. उडाले असते तर आपण तिथेच मारले गेलो असतो, असे तो नंतर लिहितो आणि त्यात ईश्वरी कृपा पाहतो. त्याला अंगावरच्या सदऱ्यानिशी बांधून तासभर उभे ठेवले. सहा वर्षांचा जॉन आणि सहा आठवड्यांची जेरुशा ही त्याची दोन मुले दारातच मारली गेली. पार्थेनाही मारली गेली. जॉन स्टॉडर्ड एक झगा ओढून निसटला आणि बर्फातून अनवाणी हॅटफील्ड गावाकडे पळाला. बेनोनी स्टेबिन्सच्या घरात मात्र सात पुरुष आणि त्यांच्या बायकापोरांनी दोन-तीन तास झुंज दिली. विल्यम्सला धरणाऱ्या तिघांपैकी त्यांचा नाईक त्याच घरातून आलेल्या गोळीने पडला. दक्षिणेकडच्या गावांतून मदत आली, पळणाऱ्यांचा कुरणापर्यंत पाठलाग झाला आणि पाठलाग करणारे नऊ जण परतीच्या माऱ्यात मेले. दिवस वर येईपर्यंत गावात पन्नासच्या आसपास माणसे मरून पडली होती आणि 112 जण उत्तरेच्या वाटेला लागले होते. गावाची वस्ती तीनशेच्या आत होती. जॉन शेल्डनच्या घराचे कुऱ्हाडीने फोडलेले दार आजही डिअरफील्डच्या संग्रहालयात आहे.

पाळकाचे घर जवळजवळ अख्खे कैदेत गेले: नवरा, बायको आणि पाच मुले. पंधरा वर्षांचा सॅम्युएल, तेरा वर्षांची एस्थर, दहाचा स्टीफन, सातची युनिस, चारचा वॉरहॅम. थोरला एलिएझर शिकायला दुसऱ्या गावी होता, तो वाचला. पहिल्याच रात्री दारू प्यालेल्या काही जणांनी फ्रँकला मारले.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोला थोडा वेळ बरोबर चालू दिले गेले. ती बाळंतीण होती, पाय उचलत नव्हते. आपण मागे राहणार हे तिला उमगले होते आणि तिने मुलांसाठी प्रार्थना केली, असे विल्यम्स लिहितो. मग त्याला पुढे घालण्यात आले. ग्रीन नदीचे गारठलेले पाणी ओलांडताना ती पडली, पूर्ण भिजली आणि काठावर येताच तिला पकडून नेणाऱ्या ‘मालका’ने कुऱ्हाडीच्या एका घावात तिचा शेवट केला. मागून येणाऱ्या कैद्यांना एकामागून एक विचारत विल्यम्सला ही बातमी कळली. जो चालू शकत नाही तो मारला जातो, हा त्या वाटेचा नियम होता आणि वाटेत वीसेक जण असे गेले. त्याच वाटेवर चार वर्षांच्या वॉरहॅमला आणि सात वर्षांच्या युनिसला मात्र त्यांच्या मालकांनी पाठीवर घेऊन, घसरगाडीवर बसवून, जपून नेले. कोणाला दत्तक घ्यायचे आणि कोणाला नाही, हे त्यांचे आधीच ठरलेले असावे.

पाळकाचे काम मात्र चालूच होते. त्या प्रवासातल्या पहिल्या रविवारी, 5 मार्चला, कनेक्टिकट नदीच्या काठी त्याला आपल्या लोकांना उपदेश करण्याची मुभा मिळाली. त्याने विलापगीताच्या पहिल्या अध्यायातले अठरावे वचन घेतले. मतितार्थ असा, की ईश्वर न्यायी आहे, आज्ञा आपण मोडली, म्हणून आपली मुले बंदिवासात गेली. पाच दिवसांपूर्वी बायको-मुले गमावलेला माणूस त्याच अवस्थेतल्या लोकांना ‘अपराध आपलाच’ म्हणतो, हे आज कानाला खटकते. पण त्यांच्या दृष्टीने विचार केला तर त्या वाक्यात आधार होता. शिक्षा झाली असेल, तर शिक्षा करणारा आहे. तो आहे तर माफीही आहे. निव्वळ दुर्दैवाकडे मागायला काही नसते. यानंतर कैद्यांचे गट फुटले आणि मुले बापापासून वेगळी झाली.

विल्यम्स अबेनाकींच्या हातात होता. शँप्लेन सरोवरावरून शाँब्ली आणि तिथून सेंट फ्रान्सिसच्या जेझुइट वस्तीत तो पोचला. मिस्सेला बसायला त्याने नकार दिला. मालकाने क्रूस चुंबायला सांगितले, कुऱ्हाड उगारली, अंगठ्याचे नख दाताने उपटायला गेला. विल्यम्सने ऐकले नाही. शेवटी गव्हर्नर व्होद्रयने पैसे देऊन त्याला सोडवून घेतले. पुढची अडीच वर्षे तो फ्रेंचांचा कैदी होता. माँट्रिऑल, मग क्वेबेक. इतर कैद्यांवर त्याचा पगडा आहे असे दिसल्यावर त्याला क्वेबेकपासून दूर शातो-रिशेला हलवले. धर्म बदलून राहिलास तर राजाकडून दरवर्षी मोठे वेतन मिळेल, असा निरोप त्याला आला. 

या काळातला खरा लढा मुलांसाठी होता. सॅम्युएलला माँट्रिऑलच्या शिक्षकाने धाकाने आणि लालुचीने कॅथलिक केल्याची बातमी आली. बापाने मुलाला लांबलचक पत्र लिहिले: शास्त्राधार, मुद्दे, प्रतिमुद्दे. ते पत्र त्याच्या पुस्तकात पूर्ण छापलेले आहे. सोळा वर्षांच्या पोराला बापाची माया हवी असताना त्याने धर्मशास्त्राचा पाठ पाठवला, असे म्हणावेसे वाटते. पण मुलगा परत आला हेही खरे. आणि विल्यम्सजवळ माया दाखवण्याची दुसरी भाषाच नव्हती.

युनिसच्या बाबतीत ती भाषा चालली नाही. ती कानावाकेत होती. गव्हर्नराच्या मध्यस्थीने बापाला तिच्याशी तासभर बोलता आले. प्रश्नोत्तरी तिला अजून पाठ होती, वाचता येत होते आणि तिने ‘मला इथून ने’ असे विनवले. लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायला लावतात, तिचा एक शब्दही कळत नाही, असे तिने सांगितले. त्याने तिला प्रश्नोत्तरी विसरू नकोस म्हणून बजावले. व्होद्रयने तिच्यासाठी पैसे देऊ केले, बदल्यात दुसरी मुलगी देऊ केली. या मुलीपेक्षा आम्ही आमची काळजे काढून देऊ, असे मोहॉकांनी कळवले. शत्रूच्या मुलीबद्दल काढलेला हा उद्गार विल्यम्सने इमानाने नोंदवला, पण त्याचा अर्थ त्याला कधी लागला असे वाटत नाही. त्या लोकांनी तिला नाव दिले होते, घर दिले होते, आई दिली होती.

इकडे डिअरफील्ड मोडले नव्हते, कारण मोडू दिले नाही. उरलेल्या पुरुषांना सरकारने शिपाई म्हणून पगारावर तिथेच ठेवले. आपल्या घरची माणसे गमावलेला जॉन शेल्डन पुन्हा पुन्हा बर्फातून क्वेबेकला गेला आणि दर खेपेला थोडी माणसे परत आणली. स्टीफन आणि एस्थर 1705 मध्ये आले. डडली आणि व्होद्रय यांच्यात पत्रापत्री चालली होती. घोडे बाप्तिस्तच्या सुटकेवर अडले होते. तो चाचा आहे, त्याला सोडू नये, असे बोस्टनमध्ये पुष्कळांचे मत होते. शेवटी सौदा झाला. 21 नोव्हेंबर 1706 ला विल्यम्स 57 सुटलेल्या माणसांसह जहाजाने बोस्टनला उतरला. त्यांत सॅम्युएल आणि वॉरहॅम होते. युनिस नव्हती.

त्याने बोस्टनमध्येच राहावे असे म्हणणारे होते. पण दहा दिवसांच्या आत डिअरफील्डच्या गावसभेने माणसे नेमली: बोस्टनला जा आणि पाळकाशी पुन्हा बोलणी करा. त्या जळक्या गावात तेव्हा पैसा नव्हता, माणूसबळ नव्हते, युद्ध संपलेले नव्हते. तरी सभेने ठराव केला, की त्यांना शेल्डनच्या घराएवढे मोठे घर बांधून देऊ, मागे सोयीची खोलीही काढू. शेल्डनचे घर म्हणजे गावातले सर्वांत मोठे आणि जळताना वाचलेले. मला या गोष्टीतले सर्वांत बोलके वाक्य हेच वाटते. गावाला मुलगे-मुली परत हव्या होत्या, खांबांची नवी कूस हवी होती. पण पाळक परत आला नाही तर बाकीचे टिकणार नाही, हे त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या अनुभवातून ओळखले होते. विल्यम्स परतला. त्याला बायको-मुले जिथे मारली गेली त्याच टेकडीवर राहायचे होते, आणि त्याने तेही पत्करले.

1707 मध्ये त्याची हकिगत बोस्टनमध्ये छापली गेली. कॉटन मेदरचा तिच्यामागे जोर होता. ‘द रिडीम्ड कॅप्टिव्ह रिटर्निंग टू झायन’ या नावाच्या त्या पुस्तकाच्या अठराव्या शतकात अनेक आवृत्त्या निघाल्या. आजच्या वाचकाला त्यात एक गोष्ट चटकन जाणवते: हल्ला, वाट आणि मरणे थोडक्या पानांत उरकली जातात, जेझुइटांशी झालेले वाद मात्र संपता संपत नाहीत. त्याच्या लेखी शरीराच्या कैदेपेक्षा आत्म्याची कैद मोठी होती. सरहद्दीवरच्या एका पाळकाचे हे पुस्तक न्यू इंग्लंडला आपण कोण आहोत हे सांगू लागले: शत्रू कोण, धोका कसला, सुटका कोणी केली. पुढच्या दोन युद्धांत कॅनडावर चालून जाणाऱ्या पिढीने ते वाचलेले होते. गावाची एक बाजू मात्र त्यात फारशी येत नाही. पकडलेल्या 112 जणांपैकी साठेक परत आले, पण तीसेक जण, बहुतेक मुले आणि त्यांतही मुली, तिकडेच राहिले. सुरुवातीला जबरदस्तीने, नंतर आपल्या मर्जीने.

विल्यम्सने दुसरे लग्न केले, आणखी पाच मुले झाली. सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून तो मोहिमांवर गेला. 1713 मध्ये युट्रेक्टच्या तहाने युद्ध संपले. त्या वसंतात ऑल्बनीचा व्यापारी जॉन स्कायलर कानावाकेला युनिसला भेटला. ती सोळा वर्षांची होती, मोहॉक वेषात, नुकतीच अरोसेन नावाच्या तरुणाशी लग्न झालेली. इंग्रजी ती पूर्ण विसरली होती. दोन तास विनवण्या करून तिच्या तोंडून निघाले ते दोनच शब्द, ‘कदाचित नाही’ अशा अर्थाचे. शेवटी तिचा नवरा म्हणाला, की बापाने दुसरे लग्न केले नसते तर ती केव्हाच भेटायला गेली असती. पुढच्या वर्षी विल्यम्स स्वतः गेला. बरोबर होता जॉन स्टॉडर्ड, त्या पहाटे अनवाणी पळालेला, आता सरकारचा वकील म्हणून आलेला. युनिस बापाला भेटली, पण घरी चल म्हटल्यावर उठली नाही. ज्याच्या शब्दावर गाव दोनदा उभे राहिले, त्याला पोटच्या मुलीशी दुभाष्यामार्फत बोलावे लागले.

12 जून 1729 ला डिअरफील्डमध्येच तो वारला. त्याच्या तीन मुलांनी, एलिएझर, स्टीफन आणि वॉरहॅम यांनी, वेगवेगळ्या गावांचे पाळकपद घेतले. त्याच विस्तारलेल्या कुळातला कर्नल इफ्रेम विल्यम्स 1755 मध्ये लेक जॉर्जच्या लढाईत पडला. फौजेबरोबर धर्मगुरू म्हणून त्या मोहिमेवर स्टीफनही होता. इफ्रेमच्या मृत्युपत्रातून पुढे विल्यम्स कॉलेज निघाले. 1806 मध्ये त्याच कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीआड परदेशी मिशनसाठी प्रार्थना केली. त्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड निघाला आणि 1813 मध्ये त्या कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही. पुढे अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, ते याच मिशनचे. स्थानिक मंडळ्यांचा पाळक स्थानिक असावा आणि त्याला मंडळीनेच पोसावे, हा अमेरिकन बोर्डाच्या चिटणिसाचा, रूफस अँडरसनचा, आग्रह होता. 1854-55 च्या त्याच्या भारतभेटीत त्यावर बरीच चर्चा झाली. पाळकाचा पगार कोणी द्यायचा, हा वाद न्यू इंग्लंडच्या गावसभांना नवा नव्हता.

युनिस बापाच्या मरणानंतर अकरा वर्षांनी, 1740 मध्ये, भावांना भेटायला आली. लाँगमेडोला स्टीफनच्या घरी ती नवऱ्यासह काही दिवस राहिली, पुन्हाही आली आणि दर वेळी कानावाकेला परतली. स्टीफनच्या रोजनिशीत तिच्या येण्याजाण्याच्या नोंदी आहेत. 1785 मध्ये ती कानावाकेतच वारली. तिचा पणतू एलिएझर विल्यम्स लहानपणी शिक्षणासाठी लाँगमेडोला आणला गेला आणि प्रॉटेस्टंट होऊन ओनायडा लोकांमध्ये धर्मोपदेशक झाला. 1820च्या दशकात त्यांच्यातल्या अनेकांना घेऊन तो विस्कॉन्सिनच्या सरहद्दीवर, ग्रीन बेला गेला. खापरपणजोबाला आयुष्यभर साधले नाही ते इथे आपोआप झाले होते: कानावाकेच्या घरातून एक प्रॉटेस्टंट पाळक निघाला होता. फक्त ओनायडांचा त्याच्यावर फारसा विश्वास उरला नाही, आणि उतारवयात तो आपण फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा हरवलेला राजपुत्र असल्याचे सांगत असे. 1853 मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन मासिकाने तो दावा गांभीर्याने छापलाही.